स्तूरेचं शून्य

४१

अलार्म वाजला तेव्हा टोर्डिस कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून कॉफीचा पहिला घोट घेणार होती. कॉफी तशीच राहिली. सकाळपासूनची ही तिसरी कॉफी होती आणि तिसरा अलार्म.

बर्फावर गुरुवारचे पेन्शनर स्केटिंग करत होते. त्यांनी रांग लावली आणि कोणी कोणाला न ढकलता, पायांत स्केट्स तशाच ठेवून ते मागच्या दाराने बाहेर पडले. बाहेर उणे नऊ. पहिल्या वेळी ते हसले होते. दुसऱ्या वेळी "होतं असं कधी कधी" म्हणाले होते. आता कोणी काहीच म्हणत नव्हतं, आणि ग्रानफोर्ससारख्या गावात माणसं गप्प झाली की प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजायचं.

टोर्डिसने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. एक्केचाळीस. हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया पंचवीसच्या वर गेला की वाजायचं हा नियम सरकारचा होता. आकडा मात्र तिचा होता. दाराशेजारी भिंतीवर बसवलेल्या डबीत टपाल तिकिटाएवढा एक काळा तुकडा होता आणि त्याच्यावर कार्बनच्या नळ्यांचा थर. नळ्या अशा की त्यांच्याशेजारी माणसाचा केस ठेवला तर तो ओंडका वाटावा. नळ्यांना पॉलिमरचा लेप. हवेत अमोनिया आला की तो लेपावर येऊन बसतो, नळ्यांमधून जाणारी वीज अडखळते आणि आकडा चढतो. हॉलचा बर्फ गोठवायला कॉम्प्रेसरमधून अमोनियाच फिरवतात, आणि तो गळला तर माणसं गुदमरतात, म्हणून ही डबी.

या काळ्या तुकड्यात टोर्डिसची सात वर्षं गेली होती. नॉरशोपिंग शहरातल्या तिच्या कंपनीत वायूचा विभाग म्हणजे ती आणि विक्री बघणारा माल्ते, एवढाच. आजची चाचणी पास झाली तर ग्रानफोर्सची नगरपालिका डबी घेणार आणि विभाग टिकणार. नाहीतर टोर्डिसने यापुढे कुरकुरीत पावाच्या पाकिटातला ओलावा मोजायचा. हे तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला फार प्रेमाने, केकचा दुसरा तुकडा वाढता वाढता सांगितलं होतं.

"एक विचारू?" माल्ते म्हणाला.

"नको."

"खरंच गळत असेल तर?"

"तर आत्ता आपण दोघं खोकत असतो. डोळ्यांतून पाणी वाहत असतं."

"तुझ्या डोळ्यांत पाणी आहे."

"ते वेगळं आहे, माल्ते."

६३

गावचं अग्निशमन दल तिसऱ्यांदा आलं. दल म्हणजे एक बेकर, एक इलेक्ट्रिशियन, शाळेतला गणिताचा मास्तर आणि त्यांचा प्रमुख आर्विड, जो एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बेकरच्या भुवयांवर पीठ होतं.

"परत?" आर्विडने विचारलं.

"परत."

त्याने आपला मीटर खोलीभर फिरवला. पाइपांवरून, सांध्यांवरून, मोटरच्या मागून. "आमच्यावर शून्य."

"माझ्यावर एक्केचाळीस."

"बघू." तो डबीपाशी वाकला. आकडा एकोणपन्नास झाला. बेकर त्याच्या खांद्यावरून वाकला. पंचावन्न. इलेक्ट्रिशियनही आला. त्रेसष्ट.

"वाढतंय," मागून गणिताचा मास्तर म्हणाला.

"दिसतंय मला," टोर्डिस म्हणाली. "सगळे मागे सरका."

सगळे मागे सरले. आकडा हळूहळू उतरला.

"आता पुढे या."

आकडा चढला. टोर्डिसच्या मानेवर काटा आला. सात वर्षं घालवून तिने असं यंत्र बनवलं होतं की मदतीला येणारी माणसं जितकी जवळ, तितका धोका जास्त.

मग तिने त्यांना एकेक करून बोलावलं. बेकर आला, आकडा चढला. इलेक्ट्रिशियन आला, चढला. मास्तर आला तेव्हा आकडा जागचा हललाच नाही.

"माझ्यात काय कमी आहे?" मास्तरने विचारलं. त्याला ते खरंच लागलं होतं.

शेवटी आला स्तूरे. स्तूरे म्हणजे ग्रानफोर्सचा बर्फ. तोच तो गोठवायचा, तोच गाडीवर बसून गुळगुळीत करायचा, आणि उरलेला वेळ कॉम्प्रेसरच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसायचा. डबी त्या खुर्चीच्या बरोब्बर वर लावलेली होती, कारण टोर्डिसला तिथे भिंत रिकामी दिसली होती. सकाळपासून तो तिथेच होता, मागे सरकायला सांगितलं तेव्हाच काय तो उठला होता. स्तूरे खुर्चीत टेकला. एक्केचाळीस. सकाळचाच आकडा.

"स्तूरे," टोर्डिस म्हणाली, "तोंड उघड."

"कशाला?"

"उघड रे जरा."

त्याने वरचा ओठ उचलला. डाव्या बाजूला, हिरडीला लावून, जांभळाएवढा काळा ओला बार भरलेला होता.

स्नूस. ओली तंबाखू. तिच्यात चवीसाठी असे क्षार घातलेले असतात की स्नूसची नवी डबी उघडली की नाकाला अमोनिया झोंबतो. हे इथे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. टोर्डिसलाही ठाऊक होतं. तिच्या वडिलांच्या गाडीला तोच वास यायचा, आणि म्हणूनच तिला तो वास असा कधी वाटलाच नव्हता. ते वडील होते. प्रयोगशाळेतही हे कधी उघड झालं नाही, कारण तिथली मंडळी शहरी. माल्ते ओठाखाली पुदिन्याच्या वासाची पांढरी पुडी ठेवायचा, तिच्यात तंबाखूच नसायची.

"म्हणजे गळती माझ्या तोंडात आहे," स्तूरे शांतपणे म्हणाला.

११

नगरपालिकेच्या क्रीडा विभागाची प्रमुख व्हिवेका होती, आणि डबी घ्यायची की नाही ते तिच्या हातात होतं. तिने लगेच बैठक बोलावली. स्केट्सना धार लावायच्या खोलीत सगळे बसले. कँटीन चालवणारी मायव्होर बन आणि कॉफी घेऊन आली. ती स्तूरेची बायको.

"कोणाला दोष द्यायला आपण जमलेलो नाही," व्हिवेका म्हणाली. "प्रत्येकाने आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. आर्विड?"

आर्विडला वाटत होतं की दोन्ही बाजूंचा विचार व्हावा. बेकरला वाटत होतं की आर्विड म्हणतो त्यात तथ्य आहे. इलेक्ट्रिशियनला अजून काही वाटत नव्हतं, पण वाटलं तर तो सांगणार होता. बशीतले बन संपले तेव्हा एकमत झालं. हॉल बंद होईपर्यंत आतल्या प्रत्येकाने स्नूस बाहेर ठेवायचा. टोर्डिसचं यंत्र तेवढा वेळ गप्प राहिलं तर चाचणी पास.

मायव्होरने बादली आणली. स्नूसच्या डब्या टणाटण पडू लागल्या. पेन्शनरांनी टाकल्या, दलाने टाकल्या. व्हिवेकाने हँडबॅगेतून काहीतरी काढून पटकन बादलीत सोडलं. ते कोणी पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. स्तूरेने सर्वांत शेवटी टाकली. बादली कँटीनच्या फ्रिजमध्ये गेली, कारण चाचणी गेली खड्ड्यात, पण स्नूस वाळता कामा नये.

आकडा अकरावर उतरला आणि तिथेच थांबला.

"अकरा कसले?" माल्तेने विचारलं.

टोर्डिसने बोट दाखवलं. खुंटीवर स्तूरेचं जॅकेट. खुर्चीखाली चोथे टाकायचा डबा, काठोकाठ. "हे. पण अकरा चालतील."

अकरा खरंच चालले असते. यंत्राने पुढे एकदाही तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं माणसांनी.

"बनमध्ये वेलची कमी होती," आर्विड बेकरला म्हणाला.

"काय म्हणालास?"

"कमी होती म्हटलं. कायमच असते. सांगत नाही कोणी तुला."

"आर्विड, माझा ट्रॅक्टर तुझ्याकडे उन्हाळ्यापासून पडलाय. मी बोललो का कधी?"

"मग बोलायचं होतंस."

"बोलतोय ना आता."

"आवाज कोणावर चढवतोस?"

"हा माझा नेहमीचाच आवाज आहे. तू आज पहिल्यांदा ऐकतोयस."

बर्फावरून धाडकन आवाज आला. स्तूरेने बर्फाची गाडी कठड्यावर घातली होती. त्याच्या आख्ख्या नोकरीत असं झालं नव्हतं. तो गाडीतून उतरला, कठड्याकडे पाहिलं आणि कठड्यालाच काहीतरी बोलला. पेन्शनरांमधल्या दोन बायका, ज्या आयुष्यभर शेजारी राहिल्या होत्या, एका कुंपणावरून एकमेकींना इतकं स्पष्ट ऐकवत होत्या की बाकीचे स्केटिंग सोडून ऐकत उभे राहिले.

व्हिवेकाने पुन्हा बैठक बोलावली. या वेळी कोणाची पाळी येईपर्यंत कोणी थांबलं नाही.

"हे यंत्र घेऊ नका," आर्विड म्हणाला. "जुना अलार्म काय वाईट होता? कधी वाजला नाही."

"वाजेल कसा," स्तूरे म्हणाला. "त्याची वायर मी काढून ठेवलीय."

खोलीत मायव्होरच्या थर्मासमधून कॉफी गळत होती, तेवढाच आवाज.

"कधीपासून?" व्हिवेकाने विचारलं.

"तो पण असाच वाजायचा. मी खुर्चीत बसलो की वाजायचा. माणसाने बसायचं नाही का?" स्तूरेने रिकाम्या ओठाखालून जीभ फिरवली. "एरवी मी हे सांगितलं नसतं. पण आज माझं डोकं ठिकाणावर नाहीये, आणि विचारताय तर घ्या, सगळं घ्या. वायर टेबलाच्या खणात आहे. शोधायची असेल तर शोधा."

व्हिवेकाने कपाळ दोन्ही हातांत धरलं. अलार्म नसलेला हॉल उघडा ठेवता येत नव्हता. म्हणजे आजपासून हॉल बंद. आणि आजपासून तिसऱ्या शनिवारी ग्रानफोर्सचा आइस हॉकीचा सामना होता एकेरीडशी. एकेरीड म्हणजे नदीच्या पलीकडचं गाव, आणि ग्रानफोर्सची माणसं एकेरीडचं नाव घेताना मान खाली घालून कोटाच्या कॉलरमध्ये बोलायची.

"यंत्र बसवा," व्हिवेका टोर्डिसला म्हणाली. "सामन्याच्या आधी. पण ते स्तूरेसाठी वाजता कामा नये. त्याच्याशिवाय बर्फ नाही आणि स्नूसशिवाय तो नाही. आज आपण सगळ्यांनी पाहिलं."

"त्याला वेळ लागेल. लेप बदलावा लागेल, नवे तुकडे छापावे लागतील—"

"सामन्याच्या आधी," व्हिवेका म्हणाली. त्यांच्यातल्या कोणालाही इतक्या थोड्या शब्दांत ठरवलेलं काही आठवत नव्हतं. मग ती उठली आणि जरा जास्तच घाईने फ्रिजच्या दिशेने गेली.

स्तूरे = ०

कल्पना माल्तेची होती.

"अलार्मचा पंचविसाचा आकडा आपल्याला हलवता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"शून्य हलवता येतं?"

टोर्डिसने प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. जुन्या सूतगिरणीच्या भिंतीखालून पाणी फेसाळत वाहत होतं. तिला त्यात माल्तेला ढकलून द्यावंसं वाटलं. "शून्य म्हणजे स्वच्छ हवा."

"त्या खोलीत स्वच्छ हवा कधी होती का? तिथली हवा म्हणजे स्तूरे. मग स्तूरेलाच शून्य धरू. त्याच्या वर पंचवीस गेलं की अमोनिया."

"शास्त्रात याला फसवणूक म्हणतात."

"विक्रीत याला ग्राहकाला समजून घेणं म्हणतात."

"नवा लेप हा खरा उपाय आहे. स्नूसचे क्षार ओळखून सोडून देणारा लेप."

"किती दिवसांत?"

तिने परत पाण्याकडे पाहिलं. सामन्यानंतर बऱ्याच दिवसांनी, हे उत्तर तिला तोंडातून काढवेना.

म्हणून स्तूरे नॉरशोपिंगला आला. आपली खुर्ची घेऊन आला, जॅकेट घेऊन आला, चोथ्यांचा डबा मांडीवर धरून आला. ट्राममध्ये त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही. टोर्डिसने काचेच्या पेटीसमोर खुर्ची मांडली, जॅकेट खुंटीवर लावलं, डबा खुर्चीखाली ठेवला.

"आता काय करू?" स्तूरेने विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखा बस."

"नेहमी मी बर्फाकडे बघतो."

माल्तेने भिंतीवर पांढरा कागद चिकटवला. स्तूरे दिवसभर त्याच्याकडे बघत बसला. अधूनमधून बार बदलायचा, अधूनमधून म्हणायचा, "कोपऱ्यात मऊ पडलाय." शेजारच्या विभागातली माणसं कामाचं निमित्त काढून दाराशी येत होती. वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी स्तूरेशी हात मिळवला आणि टोर्डिसला हळूच विचारलं की हा कुठल्या प्रकारचा नमुना आहे.

"मूळ प्रमाण," टोर्डिस म्हणाली. यापेक्षा खरं असं तिला काही सुचेना.

"आणि मी उठून गाडीवर गेलो तर?" स्तूरेने जाता जाता विचारलं. इतका नेमका प्रश्न कंपनीत कोणीच विचारला नव्हता.

"सुरू करताना तू खुर्चीत हवास, तेव्हा नेमकं शून्य लागतं. नंतर शून्याच्या थोडं खाली गेलं तर यंत्र चालवून घेतं. तुझं जॅकेट आणि तो डबा जागेवर असला तरी पुरे. फार खाली गेलं तर मात्र त्याला वाटतं, आपण बिघडलो. मग लाल दिवा."

"मग दिवा लागला तर शून्य परत ठरवायचं."

"तिथे नाही ठरवता येणार," माल्ते म्हणाला. "सील लावतो आम्ही. ग्राहक छेडछाड करतात."

स्तूरेला स्वतःच्या टेबलाचा खण आठवला असावा. त्याने आपली खुर्ची उचलली.

उणे ४१

सामन्याच्या दिवशी सकाळी टोर्डिसने डबी दाराशी जुन्या जागी लावली, बटण दाबलं, आणि लाल दिवा लागला.

तिने बटण परत दाबलं. परत लाल. पडद्यावर उणे एक्केचाळीस. तिने नाक वर करून श्वास घेतला. पाइनच्या साबणाचा वास. फरशी चकचकत होती, खिडकीला पडदा होता. खुंटीवरचं जॅकेट धुतलेलं, इस्त्री केलेलं, आणि मुळात निळ्या रंगाचं होतं हे तिला आजच कळलं. खुर्चीखाली डबा नव्हता. तिथे कुंडी होती.

स्तूरे आत आला. गाल लाल, चाल हलकी, वरचा ओठ सपाट.

"स्तूरे," ती म्हणाली, "तुझा ओठ कुठे गेला?"

"सोडला."

"काय सोडलंस?"

"स्नूस. तुझ्याकडून परत आलो आणि सोडला." तो आनंदाने सांगू लागला. "त्या दिवशी बादलीत टाकली ना डबी, संध्याकाळी घरी कॉफी घेतली, तर मायव्होरला म्हटलं, या कॉफीत काय घातलंस? ती म्हणाली, कॉफी. मला चव लागली गं. मग ती चव डोक्यातून जाईना. आता मला सगळं लागतं. बटाटा लागतो. कँटीनची कॉफी किती भिकार आहे ते पण लागतं, पण ते मी तिला बोललो नाही, डोकं ठिकाणावर आलंय आता."

"आणि ही खोली?"

"मायव्होरने घासली. आनंदाने रडत रडत घासली. छत पण पुसलं."

टोर्डिस स्टुलावर बसली. "तू आम्हाला कळवलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"अरे, तू शून्य होतास. सगळं यंत्र तुझ्यावर बेतलंय."

"माझ्याबद्दल एवढा कोणी विचार करत असेल असं वाटलं नाही," स्तूरे म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हळवा झाला, ज्याचा टोर्डिसला आणखी राग आला.

बाहेर हॉलच्या बंद दारांशी माणसं जमू लागली होती. ढोल वाजत होते. एकेरीडची बस आली होती आणि तिच्या काचांतून एकेरीडची पोरं जिभा दाखवत होती. माल्ते धावत आला.

"व्हिवेका गाडी लावतेय. सही करायला येतेय. लाल दिवा दिसला तर ती हॉल उघडू देणार नाही. आठशे माणसं बाहेर आहेत."

"माल्ते, तोंड इकडे कर."

माल्तेने डबीवर फुंकर मारली. उणे चाळीस. पुदिना.

"आर्विडला बोलाव. बेकरला बोलाव."

"ते रस्त्यात आहेत. एकेरीडच्या बसला पार्किंग दाखवतायत."

तिने स्तूरेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. माणसाला अशी गोष्ट तोंडाने मागता येत नाही. त्याची बायको आनंदाने रडली होती.

"नको गं," स्तूरे म्हणाला. "तू म्हणालीस तर घेईन. पण मला बटाटा लागतोय."

"मी काही म्हणाले नाही."

"डोळ्यांनी म्हणालीस."

बाहेरचे ढोल वाढले. मग स्तूरेने पँटच्या मागच्या खिशात हात घातला आणि गोल डबी काढून पुढे धरली. "सोडली तरी ठेवतो. नसली की पँट एका बाजूने सैल वाटते." टोर्डिस डबीकडे बघत राहिली. "तुला काय होतंय? नुसती डबी धरून भागणार नाही, तोंडाची ऊब लागते. कोणाच्या तरी तोंडात असलं म्हणजे झालं. यंत्राला चेहरा दिसत नाही."

टोर्डिसने आयुष्यात स्नूसला हात लावला नव्हता. तिने झाकण उघडलं. वडिलांची गाडी समोर येऊन उभी राहिली, मागच्या सीटवरच्या घोंगडीसकट.

"एवढा नको," स्तूरे म्हणाला. "बरं, एवढाच घे, एक्केचाळीस भरायचेत. बोटांत दाब. गोळा कर. आता ओठ उचल. जिभेने ढकलू नकोस. गिळू नकोस. टोर्डिस, गिळू नकोस."

तिच्या हिरडीला आग लागली. कानांत ढोल वाजले, पण ते बाहेरचेही असू शकले असते. खोली सावकाश डावीकडे वळली आणि तिथेच राहिली. ती भिंत धरत खुर्चीपर्यंत गेली आणि यंत्राखाली बसली.

उणे तीस. उणे सतरा. उणे आठ.

"श्वास सोड," माल्ते म्हणाला. "सोडत राहा."

उणे दोन. शून्य. हिरवा दिवा.

व्हिवेका आत आली. तिने हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग चकचकीत फरशीकडे, मग टोर्डिसच्या ओठाकडे. टोर्डिसचा वरचा ओठ नाकाला टेकायला निघाला होता.

"सगळं ठीक?" व्हिवेकाने विचारलं.

माल्ते म्हणाला, "उत्तम."

टोर्डिसने त्याला हाताने थांबवलं. सात वर्षं तिने एकही खोटा आकडा कागदावर लिहिला नव्हता, आणि आता समोर हिरवा दिवा होता आणि तो दिवा ती स्वतः होती. "ठीक नाहीये," ती म्हणाली. शब्द ओठावरून घसरत होते. "हे शून्य यंत्राचं नाही. माझं आहे. मी उठले की लाल लागेल. अमोनिया आला तर अलार्म वाजेल, ते नक्की. पण मी इथे बसले असेन तरच."

माल्तेने डोळे मिटले.

बाहेर आठशे माणसं पाय आपटत होती. व्हिवेकाने विचार केला. तिच्या चेहऱ्यावर बैठक बोलावायची इच्छा उमटली आणि गेली.

"नवा लेप कधी तयार होईल?"

"वसंतात."

"तोवर प्रत्येक सामन्याला तू इथे बसशील?"

टोर्डिसने माल्तेकडे पाहिलं, स्तूरेकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. कुरकुरीत पाव तिला डोळ्यांसमोर दिसला, रांगेने, पाकिटांत.

"बसेन."

"मग करारात तसं घालू. यंत्र आणि टोर्डिस, दोन्ही." व्हिवेकाने दाराला कागद टेकवून सही केली आणि निघता निघता वळून, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पहिल्या वेळी डावीकडे ठेवायचा नसतो. उजवीकडे ठेव. मळमळत नाही."

दारं उघडली. माणसं आत घुसली. सामना सुरू झाला आणि टोर्डिस भिंतीच्या या बाजूला खुर्चीत बसून राहिली. तिला बर्फ दिसत नव्हता. फक्त आवाज ऐकू येत होते, आणि दर आवाजाला गोल ग्रानफोर्सचा की एकेरीडचा ते कळत नव्हतं. स्तूरे मध्येच डोकावून सांगून जायचा, पण निकाल सांगायच्या ऐवजी पॉपकॉर्नला काय चव आहे ते सांगायचा. पडदा शून्यावर होता. एकदाच तो उणे सहा झाला तेव्हा तिने खिशातून डबी काढून, कोणाला न विचारता, नवा बार भरला. या वेळी उजवीकडे.

हॉल रिकामा झाल्यावर माल्तेने गाडी काढली. ग्रानफोर्सचे दिवे मागे पडले. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. ओठ अजून सुन्न होता.

"डबी स्तूरेला परत दिलीस ना?" माल्तेने विचारलं.

"हो," टोर्डिस म्हणाली, आणि हात कोटाच्या खिशातच राहू दिला.